लांब हात, कमी बळ आणि सामाईक सातबारा

या वेळचं पत्र सिंधुदुर्गातल्या एका चिरेखाणवाल्या घरातून आलं आहे. लिहिणाऱ्याचं वय छत्तीस. नऊ वर्षं आखातात यंत्रचालक होते, त्यातली शेवटची दोन टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून लांब होणाऱ्या हाताच्या स्किड स्टिअर लोडरवर (जागच्या जागी वळणारं, माल उचलायचं छोटं यंत्र). गेल्या गणपतीत ते कायमचे घरी परतले. घरी वडिलांची छोटी खाण आहे, एक जुना जेसीबी आणि एक सहाचाकी गाडी. आता तसलाच टेलिस्कोपिक हाताचा लोडर त्यांना स्वतःला घ्यायचा आहे. आखातातल्या ओळखीतून वापरलेलं यंत्र मिळतंय, घरपोच एकतीस लाखांत. नऊ लाख शिल्लक आहेत, बावीस कर्जाने उभे करायचे, हप्ता महिना अठ्ठेचाळीस हजार. तारण म्हणून कलमांची बाग. बागेच्या सातबाऱ्यावर वडिलांबरोबर मुंबईतले दोन काका आणि कणकवलीची आत्या.

खाणीच्या अरुंद आवारात गाडी एकाच बाजूनं भरता येईल, वाडीतल्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, माल उतरवता येईल, बागेतली कामं मिळतील आणि जेट्टीवर होड्यांत बर्फ भरायचं कामही येईल, असा त्यांचा हिशोब. मालवणच्या एका बर्फवाल्यानं तोंडी होकारही दिलाय. ‘जिल्ह्यात असलं यंत्र मी कुणाकडे बघितलं नाही, म्हणजे सगळा धंदा माझाच,’ असं ते लिहितात. वडिलांनी मात्र फोटो बघून एकच वाक्य टाकलं: ‘हात लांब गेलो की बळ कमी होता.’ धाकटे काका म्हणतात, सही करतो, पण तुझा बापूस हो म्हणाला तर. पत्राचा शेवट असा: ‘जुन्या विचारांच्या वडिलांना कसं पटवू?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी यंत्रासाठी, मग वडिलांसाठी. वडिलांचं ते वाक्य तुम्ही त्यांच्या जुनाटपणाचा नमुना म्हणून लिहिलंय. मी पंचवीस वर्षं हायड्रॉलिकचं गॅरेज चालवलं, तेलाच्या नळ्यांचे हजारो होज बदलले, तरी टेलिस्कोपिक बूमचं, म्हणजे त्या लांब हाताचं, वर्णन इतक्या कमी शब्दांत मला जमलं नसतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

घरातल्या बायका विहिरीवरून कळशी आणतात ती कमरेवर टेकवून. तीच कळशी हात सरळ पुढे ताणून धरायला सांगा, दहा पावलांत पाणी सांडेल. पाणी तेवढंच, हातही तोच. लोडरचंही तसंच आहे. पुढच्या चाकांचा आस म्हणजे तरफेचा टेकू. मागे इंजिनाचं वजन, पुढे मालाचं. चाकांपुढे एक मीटरवर हजार किलो धरले तर जेवढा ओढा पडतो, तेवढाच दोन मीटरवर पाचशे किलोंनी पडतो. बूमचं स्वतःचं वजनही पुढे सरकतं ते वेगळंच. त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहूनही खाली यावं लागतं.

कंपन्या ‘रेटेड क्षमता’ म्हणून जो आकडा देतात तो चाकांच्या स्किड स्टिअरसाठी यंत्र कलंडायला लागणाऱ्या वजनाच्या निम्मा असतो, पट्ट्यांच्या यंत्रासाठी पस्तीस टक्के. टेलिस्कोपिक यंत्राला असा एक आकडा पुरत नाही. हात मागे असताना एक, पूर्ण ताणलेला असताना दुसरा. तुमच्या ओळखीच्या माणसानं फोनवर कुठला सांगितला? पत्रात एकच आकडा आहे आणि तो भरघोस आहे, म्हणून विचारतो. केबिनमधल्या लोड चार्टचा, म्हणजे हात किती ताणला की किती वजन चालतं त्या तक्त्याचा, फोटो मागवा. चार्ट फाटला असेल तर तेही यंत्राबद्दल बरंच काही सांगतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. एकदा दुरुस्तीनंतर लांब बूमच्या एका यंत्राची चाचणी घेताना मीच ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत ऑपरेटरला हात ताणायला लावला. मागची चाकं वीतभर उचलली गेली. ऑपरेटर जुना होता, त्यानं काही न बोलता हात आत घेतला, खाली उतरला आणि विडी पेटवली. त्या दिवशी मी त्याच्याशी नजर मिळवली नाही.

आता तुमच्या बाजूनं बोलतो, कारण यंत्र वाईट नाहीच.

स्किड स्टिअरचा जन्मच अडचणीतला. अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर नावाच्या दोन भावांनी १९५७ साली टर्कीचा गोठा साफ करायला एक छोटा लोडर बनवून दिला. खांबांमधून फिरेल इतका लहान आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल इतका हलका. त्यातून पुढे बॉबकॅट उभी राहिली आणि आपल्याकडे स्किड स्टिअर म्हटलं की लोक अजून बॉबकॅटच म्हणतात. स्टिअरिंगची चाकं नाहीत. डावी चाकं एका वेगानं, उजवी दुसऱ्या वेगानं फिरवायची आणि टायर घासटत यंत्र जागच्या जागी वळवायचं. त्याची सगळी मिजास या गिरकीत आहे, आणि टायरचा सगळा खर्चही. त्याच्यावर टेलिस्कोपिक हात बसवून जेसीबी कंपनीनं २०१७ मध्ये टेलिस्किड आणलं. उंची साधारण चार मीटर, पुढची पोच साधारण २.४ मीटर, जमिनीच्या पातळीखाली सुमारे ९० सेंटिमीटर. साध्या मध्यम स्किड स्टिअरची पिन (हाताच्या टोकाला बकेट जोडलेली असते ती) तीन मीटरच्या आसपास जाते आणि पूर्ण उंचीवर पुढची पोच पाऊण मीटरच्या आसपास राहते. तेव्हा फरक खरा आहे, आणि तुम्ही तो दोन वर्षं हातात धरलाय.

फायदे मान्यच करतो. गाडीची पलीकडची बाजू अलीकडून भरता येते. चर, व्हाळ, गडगा यांच्या अलीकडे उभं राहून पलीकडे काम होतं. चाकं मऊ जमिनीत न घालता हातच पुढे पाठवता येतो. आणि एक फायदा तुम्ही लिहिला नाहीत, तो मी वर ठेवतो: एकाच बाजूला हात असल्यामुळे दार दुसऱ्या बाजूला येतं. साध्या दोन हातांच्या यंत्रात ऑपरेटर बकेटवरून चढून समोरून आत शिरतो. हात वर असताना उतरायचा मोह झाला आणि हात खाली आला तर मधे माणूस चिरडतो. बाजूच्या दारामुळे ती वेळ टळते. बदल्यात हात काही उंचीवर असताना उजवीकडचं झाकलं जातं. गडी कुठल्या बाजूला उभे राहतात याची शिस्त लावावी लागते, आणि आपल्याकडे शिस्त लावायची म्हणजे रोज ओरडायचं.

तोटे तुम्हाला माहीत आहेत, पण आखातात ते तुमच्या खिशातून गेले नाहीत. बूमच्या आत दुसरा बूम सरकतो, मधे वेअर पॅड, म्हणजे घासून झिजणाऱ्या पट्ट्या, असतात. त्यांत वाळू गेली की कानस चालते. खाऱ्या हवेनं सिलिंडरच्या दांड्यावर टिपके पडतात, टिपक्यानं सील कापतं, सीलमधून तेल गळतं. आत पळणारा होज फुटला तर तो बाहेरच्या होजसारखा अर्ध्या तासात बदलून होत नाही. आणि वजन. हे यंत्र चार टनांच्या वर आहे. तुमच्या वाडीला जायच्या वाटेवर साकव आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्या साकवावरून आजवर सर्वांत जड काय गेलं, भरलेला टेम्पो? मग यंत्र वाडीत कुठून न्यायचं ते आधी ठरवा. गडग्यापलीकडे हात पोचेल, पण गडग्यापर्यंत चाकं पोचायला हवीत.

आता एकेक काम घेऊ.

चिऱ्यापासून सुरुवात, कारण तुमचं पोट त्याच्यावर आहे. चिरा बकेटमधून ओतता येत नाही, कोपरे उडतात आणि कोपरा उडालेला चिरा गिऱ्हाईक बाजूला काढून ठेवतं. म्हणजे बकेटच्या जागी लावायचे लोखंडी काटे आणि त्यांवर उचलायची पॅलेट, म्हणजे माल रचायची फळी, आली. एक चिरा तीस किलो धरला तर चाळीस चिऱ्यांची पॅलेट बाराशे किलोंची. हात आत असताना ती उचलली जाईल. गाडीच्या पलीकडच्या बाजूला ठेवायला हात ताणलात की किती चिरे कमी करावे लागतील ते चार्टवर बघा, मगच वेळ किती वाचतो ते मांडा. शिवाय गिऱ्हाइकाच्या दारात काटे कुठले? तिथे गडी पुन्हा एकेक चिरा हातानंच उतरवणार. पॅलेट परत आणायची कोणी, फुटली तर पैसे कोणाचे? तुमचं यंत्र साखळीचं एकच टोक सोडवतंय. ते टोक सोडवण्यासारखं आहे का? तुम्ही लिहिता, गाडी भरायला चौघांना दीड तास लागतो. पण गाडी दिवसात दोन खेपा करते, बाकी वेळ रस्त्यावर आणि उतरवण्यात जातो. भरणं वीस मिनिटांत झालं तर तिसरी खेप होईल का? होणार नसेल तर वाचलेला वेळ गाडीच्या सावलीत बसून जाईल.

आणि अरुंद आवाराचं म्हणाल तर मला एक साधं सुचतंय. चिरेखाण म्हणजे पायऱ्याच. एक थर काढला की जमीन तेवढी खाली जाते. गाडीच्या हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, सहाचाकीचा साधारण चार फूट निघेल. गाडी मागे घेऊन खालच्या थरात अशी उभी राहिली की हौद्याचा तळ वरच्या थराला लागला, तर तो झाला तुमचा धक्का. मधे लोखंडी जाड पत्रा टाकायचा, कारण गाडी भरत जाते तशी खाली बसते. हातानं ओढायची पॅलेट ट्रॉली अडीच टनांपर्यंतची मिळते, ती सरळ हौद्यात घालायची, पलीकडच्या टोकापर्यंत. कसली पोच नको, कसली गिरकी नको. हौद्याचा पत्रा सपाट हवा, गाडी समपातळीत हवी, चाकांना दगड हवेत आणि कडेला ट्रॉली पडू नये म्हणून अडसर हवा. पाणी निघून जायला चर काढा, नाहीतर जूनमध्ये तळं होईल. वरून भरलेली गाडी बाहेर काढायला चढ फार उभा नको. वडिलांचा जुना जेसीबी एवढं खोदकाम निवांत करेल, आणि जागा करताना निघालेले चिरे विकलेही जातील.

बागेचं थोडक्यात. कलमांखाली टायर घासटत गिरक्या मारणारं यंत्र मला बघवत नाही. मुळं वरच असतात आणि पावसाळी लाल मातीत चाकोऱ्या पडल्या की पुढच्या वर्षी त्यातूनच पाणी वाहतं. कातळावर उलट, माती नाही पण टायर खवणीवरच्या नारळासारखे झिजतात. बागेसाठी टेलिस्कोपिक हातच हवा असेल तर मधे कंबरेत वाकून वळणारे छोटे लोडर येतात, फिनलंडच्या अॅव्हान्टसारखे. ते जमीन खरवडत नाहीत. पण बागवाले तासाला पैसे देऊन ते बोलावतील का, हे आधी पाच बागवाल्यांना विचारायला हवं. तुम्ही एकालाही विचारल्याचं पत्रात दिसत नाही. आणि उतारावर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी लिहितो: रिकामं यंत्र मागे जड असतं, म्हणून मागची बाजू चढाकडे, भरलेलं पुढे जड, म्हणून बकेट चढाकडे. माल जमिनीलगत, हात आत. उतारावर हात ताणायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

जेट्टी. इथे तुमचं स्वप्न मला सगळ्यात आवडलं आणि हिशोब सगळ्यात कच्चा वाटला. होडी एका जागी थांबत नाही. भरतीला ती धक्क्याच्या बरोबरीनं असेल, ओहोटीला दीड-दोन मीटर खाली, उधाणाच्या दिवसांत अंतर आणखी वाढतं. यंत्राची खालची पोच ९० सेंटिमीटर. म्हणजे दिवसातले काही तास काम होईल, बाकी वेळ बर्फ वितळेल. होड्या मात्र आपल्या वेळेला येतात, तुमच्या भरतीला नाही. त्यात क्रेट लोंबकळत सोडायचे तर काट्याला दोरी बांधून चालत नाही, त्यासाठी कंपनीचा हुक जोडावा लागतो आणि त्याचा चार्ट वेगळा. धक्क्याच्या काठाशी चार टनांचं यंत्र पुढे माल ताणून उभं राहिलं की जवळजवळ सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. जुनी जेट्टी ते पेलेल का, हे बर्फवाला सांगणार नाही. सागरी मंडळाकडे किंवा मत्स्यव्यवसाय विभागाकडे लेखी विचारा, परवानगीसुद्धा तिथूनच लागेल. आणि खारं पाणी उडालं की रोज गोड्या पाण्यानं धुणं आणि ग्रीस. रोज म्हणजे रोज, शिमग्यालाही.

तुमचं ते वाक्य, ‘कुणाकडे नाही म्हणजे सगळा धंदा माझाच.’ असंही असतं. पण कुणाकडे नाही म्हणजे कणकवलीत त्याचा वेअर पॅड कुणी ठेवत नाही, कुडाळच्या पोराला त्याचा बूम उघडता येत नाही, विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक नाही. जेसीबी बंद पडला तर फोंडा घाट उतरून कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी पार्ट येतो. याचा पार्ट कुठून आणि किती दिवसांत येईल ते लेखी मिळवा. तोंडी उत्तर मला माहीत आहे, ‘येऊन जाईल.’

आता पैसे, तुमच्याच आकड्यांनी. हप्ता अठ्ठेचाळीस हजार, वर्षाचे ५,७६,०००. आखातात यंत्र बाराही महिने चाललं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाण बंद, रस्ते चिखल. ऑक्टोबर सावरण्यात जातो. नोव्हेंबर ते मे सात महिने, महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला सरासरी चार तास धरले तर सातशे तास. सरासरी चारच, कारण लग्नं, जत्रा, शिमगा, फुटलेला होज आणि ‘उद्या या’ हे सगळं त्यात येतं. हप्ताच तासाला ८२३ रुपये पडला. डिझेल तुम्ही तासाला सहा लिटर लिहिलंय, लिटरला नव्वद धरले तर ५४० रुपये. बेरीज १,३६३. तुम्हाला दर १,४०० मिळेल असं वाटतंय. उरले सदतीस रुपये, त्यात टायर, तेल, विमा आणि तुमची मजुरी. तुम्ही स्वतः ऑपरेटर आहात म्हणून मजुरी धरली नाही असं लिहिलंय. आखातात कुणी तुम्हाला फुकट चालवायला लावलं होतं का?

बाराशे तास मिळाले तर चित्र बदलतं: हप्ता ४८० वर येतो, तासाला ३८० रुपये उरतात. म्हणजे प्रश्न सातशे की बाराशे हा आहे. त्याला उत्तर एकच, वही. आजपासून मेअखेरपर्यंत वहीत लिहा: आज कुठे, कुठल्या कामाला हात कमी पडला, त्या वेळी काय जुगाड केला, त्यात किती वेळ गेला, यंत्र असतं तर त्या माणसानं किती दिले असते. शेवटचा रकाना अंदाजानं भरू नका, त्या माणसाला विचारून भरा. दिवसातून एकदाही नोंद होत नसेल तर तुम्हाला काय हवंय ते मला कळलं: तुम्हाला ते यंत्र चालवायचंय. ते मी हसण्यावारी नेत नाही. नऊ वर्षं ज्या कामात तुमचा हात बसला त्या कामात घरी तुम्हाला कोणी ओळखत नाही, हे टोचणारच. पण त्या टोचणीसाठी बागेचं तारण जरा महाग होतं.

तरीही घ्यायचंच ठरलं, तर आधी कागद. १ जानेवारी २०२५ पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम यंत्रांना स्टेज ५ चे प्रदूषण निकष लागू आहेत. तुमचं यंत्र त्याआधीचं, परदेशातलं आणि वापरलेलं. आरटीओत त्याची नोंदणी होईल का, कुठल्या कागदांवर, हे पैसे पाठवण्याआधी लेखी विचारा. कस्टममध्ये वापरलेल्या यंत्राच्या किमतीसाठी चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. ‘ते आमचा माणूस बघतो’ असं ऐकलंत की दोन पावलं मागे या. नोंदणी नसलेल्या यंत्राला विमा कोण देणार, आणि विमा नसताना जेट्टीवर काही झालं तर बाग कोणाची?

मग यंत्र. तुम्ही चालवणारे आहात, पण विकत घेताना नजर निराळी लागते. बूम पूर्ण बाहेर काढून टोक हातानं वरखाली आणि आडवं हलवून बघा, खुळखुळतंय का. वजन उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटं घड्याळ लावा, हात आपोआप किती उतरला ते टेपनं मोजा. सिलिंडरच्या दांड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तिथे खड्डा आहे. तासांचं मीटर दोन हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर रबराचं ऐका. हे सगळं व्हिडिओवर बघायचं नाही. एक तिकीट काढून जा, एकतीस लाखांपुढे ते काहीच नाही.

त्यापेक्षा मधला रस्ता बघा. भारतात बनणारा, सुट्या भागांची सोय असलेला साधा स्किड स्टिअर एका हंगामापुरता भाड्यानं घ्या, काटे आणि ग्रॅपल, म्हणजे माल पकडायचा पंजा, लावून. खाणीतला धक्का तोवर होऊ दे. अडलेल्या दहा कामांपैकी सात त्यानंच सुटली तर लांब हाताची किंमत उरलेल्या तिनांवर टाकून बघा. उंचावर माल द्यायचीच कामं जास्त निघाली, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, स्लॅबवर विटा, तर टेलिहँडलर, म्हणजे लांब हाताचं उंच माल पोचवणारं मोठं यंत्र, हे मूळ त्याच कामाचं आहे. ते अवजड असतं, वाडीत शिरत नाही, पण हायवेच्या कामांवर भाड्यानं सहज खपतं.

आता वडील. पटवण्याआधी एक विचारा: ते नक्की कशाला नाही म्हणाले? तुमच्या पत्रात ते यंत्राबद्दल एक वाक्य बोलतात आणि बागेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मला वाटतं यंत्राचं वाक्य हे बागेचंच वाक्य आहे. सामाईक सातबारा हा कोकणात कागद कमी आणि मौन जास्त असतो. काका वर्षातून दोनदा येतात, आत्या आंब्याची पेटी नेते, कुणी हिस्सा मागत नाही, कारण कुणी विषय काढत नाही. तुम्ही तारणासाठी चार सह्या मागितल्यात की विषय निघाला. आज काका सही देतील, उद्या त्यांच्या मुलीच्या लग्नाला पैसे लागले तर ‘आपला हिस्सा अडकलाय’ हे त्यांना पहिल्यांदा आठवेल. वडील त्या बैठकीला घाबरतायत. तीस वर्षं त्यांनी ती होऊ दिली नाही. ‘बापूस हो म्हणाला तर’ असं म्हणून धाकट्या काकांनी तो भार हुशारीनं पुन्हा तुमच्या वडिलांच्याच डोक्यावर ठेवलाय, हे तुमच्या लक्षात आलंय का?

म्हणून बाग या व्यवहारातून बाहेर काढा. यंत्र स्वतःच्या तारणावर बसत असेल तर बसू दे; बँक वापरलेल्या परदेशी यंत्रावर कर्ज द्यायला तयार नसेल तर बँकेलाही वडिलांसारखंच काहीतरी दिसतंय असं समजा. वाटणी करायचीच असेल तर ती वाटणी म्हणून करा, वेगळ्या वर्षी, सगळे घरी असताना. लोडरच्या पाठीवर बसवून ती घरात आणू नका.

वडिलांकडून मात्र काम करून घ्या. खाणीत गाडी कुठल्या थराला लागेल, पाणी कुठून जाईल, कुठला कातळ पोकळ आहे, हे त्यांच्याइतकं तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही नऊ वर्षं नव्हतात. धक्क्याची जागा त्यांना विचारा. टेप दहा मीटरचा घ्या, पाचचा अपुरा पडेल. एक टोक त्यांच्याकडे द्या. हौद्याची उंची, आवाराची रुंदी, साकवाची रुंदी, तिन्ही त्याच दिवशी मोजून टाका. गरज पडली तर चार्ट त्यांना समजावून सांगा. मला वाटतं त्यांना तो तुमच्याआधी कळेल.

आणि मालवणच्या त्या बर्फवाल्याला अजून आगाऊ शब्द देऊ नका. येत्या अमावास्येला उधाणाची ओहोटी असेल तेव्हा जेट्टीवर जा, धक्क्याच्या कडेवरून होडीच्या तळापर्यंत दोरी सोडा, आणि ती किती लांब भरली ते मला कळवा.